लिडाबाईंच्या गाडीचे दोन खिळे

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा बोरमाळला सडक नव्हती, दवाखाना नव्हता, आणि डॉक्टर म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी मिशनच्या बैलगाडीतून लिडाबाई गावात आल्या. तेव्हा त्यांचे केस पिवळे होते, ते इथंच पांढरे झाले. मराठी त्या गावातल्या बायकांकडून शिकल्या, त्यामुळे त्यांची प्रार्थना पुस्तकी असे आणि रागावणं अस्सल बोरमाळचं.

औषधांची पत्र्याची पेटी घेऊन बाई दारोदार जात. पण त्यांची एक अजब रीत होती. ज्या घरी रोगी, त्या घरचा भाकरीचा घास खाल्ल्याशिवाय पेटी उघडायची नाही. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं त्यांच्या घरीही हीच रीत. "आदी घास, मग औषद," असं त्या म्हणायच्या. घेणाऱ्याला आपणही काही दिलं असं वाटलं, की अर्धं दुखणं तिथंच पळायचं, असं म्हणतात. पटकीच्या साथीत बाईंनी एका दिवसात चाळीस घरं केली, चाळीस घास खाल्ले आणि त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही, असंही म्हणतात. चाळीस की चौदा, यावरून पारावर अजून भांडणं होतात.

कोंडाबाई भालेराव ही गावची सुईण. तिची लेक बाळंतपणात अडली तेव्हा बाईंनी तिला सोडवली. त्या दिवसापासून पेटी कोंडाबाईच्या डोक्यावर आली, ती तीस वर्षं उतरली नाही. दोघी दिवसभर भांडायच्या आणि एकीवाचून दुसरीला जेवण जायचं नाही.

मग एक दिवस मिशनचं पत्र आलं. बाई सत्तरीच्या झाल्या, आता त्यांनी मायदेशी परत यावं. मुंबईहून निघणाऱ्या बोटीची तारीखही लिहिली होती. सगळं गाव रडलं. कोंडाबाई मात्र चिडली.

"बाई, येत नाय म्हनून कळवा की!"

"कोंडे, हुकूम हाय. जन्मात हुकूम मोडला नाय म्या. आता म्हातारपणी मोडू?"

"अन् तिकडं मेलात तर माती कोन देईल? तुमचं हाय कोन तिकडं?"

बाई बाटल्या पुसत बसल्या.

निघायच्या दिवशी भल्या सकाळी बाईंनी स्वतः बैलांना भाकरी चारली आणि बराच वेळ गाडीपाशी उभ्या राहिल्या. मग चर्च भरलं. निरोपाची प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले. कोंडाबाईचे उघडेच होते. ती हळूच बाहेर आली. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खिळा असतो. उजव्या चाकाचा खिळा तिनं उपटला, कमरेला खोचला आणि आमेन म्हणायला बरोबर परत आली. त्या दिवशीचं सगळ्यांत मोठं आमेन तिचंच होतं.

गाडी वेशीपाशी आली आणि उजवं चाक निसटलं. ते निसटणार हे कोंडाबाईला ठाऊकच होतं. पण त्याच क्षणी डावंही निसटलं! गाडी मटकन खाली बसली, बैलांनी गुडघे टेकले आणि चर्चची घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. दोन्ही खिळे आपण काल डोळ्यांनी पाहिले होते, असं गाडीवान दगडूबा शपथेवर सांगू लागला. कोंडाबाईच्या अंगावर काटा आला. एक चाक आपलं, मग दुसरं कोणाचं? देवाचंच असणार.

लोहारानं नवे खिळे घडवेपर्यंत दोन दिवस गेले आणि तिकडं बोटही गेली. मिशननं पुन्हा पत्रं पाठवली, पण दर वेळी बाई कोणाच्या ना कोणाच्या बाळंतपणात अडकलेल्या. शेवटी मिशननंच नाद सोडला. बाई आणखी अकरा वर्षं बोरमाळला राहिल्या. तेवढी वर्षं कोंडाबाईनं तोंडाला कुलूप घातलं. देवाच्या चमत्कारात आपलाही हात होता, हे सांगायचं तरी कसं!

मग बाई गेल्या. त्यांच्या अंगावर पांढरी चादर घालायची म्हणून कोंडाबाईनं त्यांची कपड्यांची ट्रंक उघडली. तळाशी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. गंजलेला लोखंडी खिळा!

डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती इतकी हसली, की बायकांना वाटलं हिला वेड लागलं.

"अगं म्हातारे," ती बाईंच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "अकरा वर्सं मी देवाला भ्याले, अन् डावा खिळा तुज्याकडं!" मग तिनं आपला खिळा घरून आणला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि गावाला सगळं सांगितलं.

ते दोन्ही खिळे आजही चर्चच्या दाराशी टांगलेले आहेत. बाईंच्या स्मृतिदिनाला गावोगावचे पाहुणे येतात, आणि बोरमाळच्या बायका त्यांच्या गाड्यांच्या चाव्या काढून घेतात. भाकरीचा घास खाल्ल्याशिवाय चावी परत मिळत नाही. पाहुणे कुरकुरतात, हसतात आणि जेवायला बसतात. पण एखादा असा येतो, की कोणी मागायच्या आधीच आपली चावी काढून ताटाशी ठेवतो. मग म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसतात.

"ह्यो बग, डाव्या चाकाचा!"

आणि त्याला भाकरी जरा मोठी वाढतात.