मोजायची राहिलेली लेक

चार देशांचे आरोग्यमंत्री एका परिषदेला जमले होते. त्यातल्या एका मंत्र्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. शेजारच्या देशाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आमच्याकडे शंभरात चारच बाळंतपणं सिझेरियननं होतात, तुमच्याकडे वीस! तुमच्या डॉक्टरांना कापाकापीची हौसच आहे. सगळ्यांनाच पाचाची मर्यादा घाला." माना डोलू लागल्या.

त्या शेजारच्या देशाची आकडेवारी सांभाळणाऱ्या डॉ. वैजयंती मिरजकर धास्तावल्या. अशा मर्यादेपायी अडलेल्या बायकांचे जीव जातील, हे त्यांना दिसत होतं. त्या उठल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, सिझेरियन इतकं वाईट असतं का हो?"

"छे, छे!" मंत्र्यांचा स्वर एकदम मऊ झाला. "माझी बायको अडली होती. ऑपरेशन झालं म्हणून ती आणि लेक, दोघी वाचल्या. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"देवाची कृपा! कुठल्या सरकारी दवाखान्यात झालं?"

"सरकारी कशाला? राजधानीतल्या खासगी रुग्णालयात."

"मग साहेब, तुमची लेक शंभरातल्या त्या चारांत नाही. तुमचे आकडे फक्त सरकारी दवाखान्यांचे आहेत, आमचे खासगीसकट."

मंत्री क्षणभर गोरेमोरे झाले, मग मोकळं हसले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, फार उपकार झाले तुमचे. सूचना मागे घेतो. आधी माझ्या लेकीला मोजतो, मग तुम्हाला शिकवायला येतो."