तिळाच्या तेलाची कढई

एका राज्यात राणी हळूहळू दगड होत होती. राजा वज्रकेतूने चेटक्याच्या गुहेतून हिऱ्यांचा हंडा पळवला होता, त्याचा तो शाप. चेटक्या म्हणाला होता, "माझी कढई एकाच हंगामाच्या तिळाच्या तेलाने काठोकाठ भर. तोवर राणी पायांपासून दगड होत जाईल." कढईत हत्ती मावला असता.

राजाने दवंडी पिटवली. राज्यात तीळच पेरावा. बाजरी, तूर दिसली तर उपटावी. पहिल्या वर्षी कढई पाऊण भरली. राजाला आशा वाटली. त्याने त्याच रानात पुन्हा तीळ पेरला. दुसऱ्या वर्षी ती अर्धीच भरली. तिसऱ्या वर्षी जेमतेम तळ झाकला. वाऱ्याने तीळ लोळवला, अळीने बोंडे खाल्ली, आणि धान्यावाचून माणसे मरू लागली. दगड राणीच्या गळ्याशी आला.

तेव्हा राजकन्या हेमकळा माळावरच्या टिटवीकडे गेली. टिटवीला माणसासारखे बोलता येई.

"तुझ्या बापाला तिळापलीकडे काही दिसत नाही," टिटवी म्हणाली. "माझी अंडीसुद्धा त्याच्या नांगराखाली गेली."

"मला आई हवी आहे. उपाय सांग."

"जळक्या कोठारातल्या उंदरांकडून बाजरी आण. पडक्या विहिरीतल्या हडळीकडून तूर आण. मग बापाला तिळाचा हुकूम मागे घ्यायला लाव, आणि तिळाशेजारी दोन्ही पेर. तिसरे काम अवघड."

उंदरांनी बाजरीसाठी तिची झोप मागितली, तिने दिली. हडळीने तुरीच्या दाण्यागणिक तिचा एकेक केस घेतला. उघड्या डोक्याने ती दरबारात उभी राहिली.

"अर्धे रान दुसऱ्या पिकांना दिले, तर कढई कशी भरेल?" राजा म्हणाला. "तुझी आई जाईल."

"सगळे रान दिले होते, महाराज. भरली का?"

सिंहासनाशेजारी बसवलेल्या राणीचे ओठ तेवढे हलत होते. "पेरू द्या तिला," ती म्हणाली.

पेरणीच्या तिफणी चालल्या. दोन ओळी तिळाच्या, दोन बाजरीच्या, आणि मागे बांधलेल्या नळीतून एक तुरीची. श्रावणात राणीचे ओठही दगड झाले. हेमकळा रान राखत राहिली. बाजरीने वारा अडवला. तुरीच्या मुळांनी थकलेली माती सावरली. अळी बाजरीच्या ओळींपाशी अडून बसली. बोंडे फुटण्याआधी तीळ कापला, घाण्यांवर घातला. शेवटची घागर ओतली तेव्हा तेल काठावरून ओघळले.

राणीच्या अंगावरून दगड गळून पडला. चेटक्या आला, हंडा आणि कढई घेऊन गेला. राजाने दवंडी फिरवली, की यापुढे तिन्ही बियाणी एकाच रानात पेरावीत.

दासीने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणली. राणी खिडकीशी उभी होती.

"इतक्या थोड्या घरांतून धूर का निघतो?"

राजाने मान खाली घातली. राणीने भाकरी मोडली नाही. ती त्याच्या हाती दिली. "जिथे धूर नाही, तिथे आधी नेऊन द्या."

राजा धूर नसलेल्या घरांच्या दारोदार हिंडला, प्रत्येक कडी वाजवली; दार उघडायला आत कोणी उरले नव्हते. सुगीने भरलेल्या त्या राज्यात भाकरी त्याच्या हातातच वाळली.