चीनदेशीची काळी पाने

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. चीनदेशीच्या एका अनोळखी जादूगाराने त्याला भेट धाडली: हिरव्या पाषाणाची डबी, डबीत वळलेली काळी पाने आणि झाकणावर बसलेला निळा पक्षी. राजाने पाने उकळत्या पाण्यात टाकली, एक घोट घेतला, आणि त्याचे पाय दगडाचे झाले.

पक्षी बोलू लागला. "हा चहा आहे. न ओळखता जो पितो, तो दगड होतो. माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर शाप सुटेल. पण उत्तर देणाऱ्याने आधी घोट घ्यावा."

सारा दरबार खाली मान घालून उभा राहिला. दगड राजाच्या कमरेपर्यंत चढला. तेव्हा त्याची कन्या मृणालिनी पुढे झाली.

"मुली, मागे हो," राजा म्हणाला.

"तात, आज्ञा मोडते. क्षमा असावी." तिने घोट घेतला. तिची पावले गार पडली.

"हा चहा हिरवा की काळा?" पक्ष्याने विचारले.

तिने भिजलेले पान उलगडले. मध्ये हिरवे, कडेला तांबूस. "दोन्ही नव्हे. हिरवेपण सोडून निघाला, काळ्यापर्यंत पोहोचला नाही."

"जन्म कोठला?"

दगड तिच्या गुडघ्यांशी आला होता. तिने डोळे मिटले. सुगंध रानफुलांचा होता, पण जिभेवर मागे उरली ती ओल्या खडकाची चव. "उंच कड्यावरचा. जिथे माती थोडी आणि धुके फार."

"आता नाव सांग."

नाव तिला ठाऊक नव्हते. राजाचा कंठ दगडात बुडत होता. तिने त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतले. पाने सुटली, वळवळली, आणि वाफेतून एक काळे, लांब, खवल्यांचे अंग वेटोळे सोडीत छतापर्यंत उठले. मृणालिनी भय विसरली. असे देखणे काही तिने जन्मात पाहिले नव्हते.

"कृष्णनाग," ती हळूच म्हणाली.

"माझ्या देशात त्याला ऊलाँग म्हणतात," पक्षी म्हणाला. "अर्थ तोच."

नागाने मस्तक लववले आणि तो पेल्यात विरून गेला. बापलेकींच्या अंगावरचा दगड खपलीसारखा गळाला. पक्ष्याच्या जागी एक वृद्ध राजा उभा होता. तोही कधीकाळी हा चहा न ओळखता प्याला होता, आणि जादूगाराने त्याला दगड न करता, कोणी नाव ओळखेपर्यंत पंख देऊन दारोदार फिरवले होते.

भद्रसेनाने त्याला मानाने स्वदेशी पोचवले. धुक्यातल्या कड्यांखाली एका ओस सिंहासनावरची धूळ झटकली गेली. आणि इकडे मृणालिनी, पावलांत ऊब परतेपर्यंत, पेल्यातल्या सोनेरी पाण्याकडे पाहत राहिली.