निजेचा पार

गाडी इथेच लावा आणि हॉर्न वाजवू नका. रागावून सांगत नाही, पण सांगतो. शेजारच्या पिंपरणच्या चैत्री जत्रेला आठ दिवस उरले की मळेवाकीत दुपारी कोणी मोठ्याने बोलत नाही. समोर लिंबाखाली तो दगडी पार दिसतो ना, त्याला निजेचा पार म्हणतात. त्यावर घोंगडी टाकून पसरलेले ते तीन धिप्पाड गडी आमच्या तालमीचे पैलवान आहेत. पौर्णिमेला त्यांच्या कुस्त्या आहेत आणि आज दुपारभर ते झोपणार आहेत. अंगणाअंगणात मिरच्या वाळून कडकडीत झाल्या आहेत, पण जत्रा होईपर्यंत एकाही घरात कांडप होणार नाही. लोहाराचा घण खाली ठेवलेला आहे. देवळातली घंटासुद्धा फडक्याने बांधली आहे, आणि देवाची त्याबद्दल काही तक्रार आलेली नाही.

बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्या. मी बावीस वर्षे या तालमीची माती अंगाला लावली, हे फुटलेले कान बघा, आणि लहानपणी मलाही याचे हसूच यायचे. मग आजोबांनी हैबती वस्तादांची हकिकत सांगितली. ती त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितली होती. संस्थानाचे राज्य होते एवढे नक्की, त्यापलीकडचे साल कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्या काळी साऱ्या मुलखाच्या तालमीत एकच रीत होती. जत्रा जवळ आली की मेहनत दुप्पट. एरवी पाचशे बैठका मारणाऱ्याने शेवटच्या आठवड्यात हजार मारायच्या, जोरही तसेच, आणि वर जोडीला लढत द्यायची. जो थांबेल तो आळशी. हैबती वस्ताद या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होते. हातात वेताची छडी आणि तोंडात एकच शब्द, 'अजून'. तरी दर जत्रेला पिंपरणच्या पैलवानांपुढे आमचे गडी पहिली घटकाभर चांगले लढत आणि मग त्यांचा दम तुटे. लोक म्हणत, मेहनत कमी पडली. पुढच्या साली वस्ताद आणखी शंभर बैठका वाढवत.

गावात ठकूबाई नावाची विधवा होती. तिला दोन मुलगे, कोंडी आणि सिदू. दोघेही तालमीत. एका साली जत्रेला दोन दिवस राहिले असताना कोंडी बैठका मारता मारता थांबला आणि म्हणाला, "वस्ताद, छातीत कसंतरी हुतंय." वस्ताद म्हणाले, "अजून शंभर." असे सांगतात की साठाव्या बैठकीला कोंडी खाली बसला तो उठलाच नाही.

गाव रडले आणि गावाने समजूतही घातली. पैलवान मातीत गेला, याहून चांगले मरण कोणते, असे शहाणी माणसे म्हणाली. वस्तादांना मात्र ते पचले नाही. "मातीनं न्हाई नेलं त्येला. मी नेलं," असे ते भर चावडीत म्हणाले. त्यानंतर ठकूबाई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. वाटेत समोर आले तर ती तोंड फिरवून उभी राही. अशी तीन वर्षे गेली.

वस्तादांना उत्तर सापडले ते पाटलांच्या गोठ्यात, म्हणे. पाटलांकडे शर्यतीची बैलजोडी होती. शर्यतीआधी आठ दिवस तिला औताला जुंपत नसत. बैलांना मालीश, पेंड, ओला चारा आणि सावली. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. वस्तादांनीही जन्मभर पाहिली होती. पण बैलाकडून नजर काढून ती माणसाकडे वळवायची, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. यालाच मी धाडस म्हणतो. नवे काही शोधून काढायचे नव्हते, डोळ्यांसमोर होते ते मान्य करायचे होते.

ते तडक चावडीवर गेले. म्हणाले, "यंदा वरीसभर मेहनत कसून घेईन. पर शेवटचे आठ दिस माझा पैलवान जोर मारणार न्हाई, बैठक मारणार न्हाई. खाईल, फिरंल आन् निजंल."

पाटील हसले. "वस्ताद, डोकं फिरलं काय तुमचं? आठ दिसांत अंग लोण्यावानी हुईल."

"तुमच्या बैलांचं हुतं का?"

"बैलाचं येगळं."

"ते कसं येगळं, तेवढं सांगा."

पाटील चिडले. हरलात तर काय, असे त्यांनी विचारले. वस्ताद म्हणाले, "हरलो तर त्याच दिवशी गाव सोडतो. परत हितं पाय ठेवणार न्हाई." साठीला टेकलेला माणूस, मागे-पुढे कोणी नाही, तालीम हेच घर. पण शब्द देऊन बसले.

थोरल्या पैलवानांनी ते ऐकले आणि तालीम सोडून दुसरा वस्ताद गाठला. उरला एकटा सिदू. वस्ताद त्याला मागायला ठकूबाईच्या दारात उभे राहिले. ती त्यांच्याशी बोलली नाही, पोराकडे बघून म्हणाली, "त्यास्नी सांग, थोरला मी खांद्यावरनं आलेला बघितला. ह्यो त्याच्या पायांनी घरला आला पायजे." वस्तादांनी उंबऱ्याला हात लावला आणि ते परत फिरले.

वर्ष सरले. जत्रेआधी आठव्या दिवशी वस्तादांनी तालमीला कुलूप घातले आणि सिदूला या पारावर आणून निजवले. गावाने काय टिंगल केली म्हणता! वस्तादांचे नाव 'निजके वस्ताद' पडले. टवाळ पोरे मुद्दाम हलगी घेऊन पाराला फेरे घालू लागली. लोहाराने घण जरा जोरातच हाणायला सुरुवात केली. त्यात कांडपाचे दिवस, घरोघर मुसळांचा धडाका. वस्ताद काठी घेऊन पाराशी बसत आणि कुत्र्यापासून कावळ्यापर्यंत सगळ्यांना हाकलत. पण आवाज कोण हाकलणार?

तिसऱ्या दिवशी सिदूचाच धीर सुटला. तो देवळामागे जाऊन चोरून बैठका मारत होता, तिथे वस्तादांनी त्याला धरले. "अंग सैल पडलंय, वस्ताद. सारं गाव म्हणतंय मी हरणार," असे म्हणून पोर रडायला लागले. वस्तादांनी छडी उगारली नाही. ते म्हणाले, "मलाबी भ्याव वाटतंय. दोघं मिळून भिऊ. पर बैठक न्हाई मारायची."

हे ठकूबाईने ऐकले. पाण्याची घागर तिथेच ठेवून ती घरी गेली, उखळ पालथे घातले, मुसळ आढ्याला टांगले आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. "बायांनो, माझं एक लेकरू मेहनतीनं गेलं. दुसऱ्याला एवढं निजू द्या." एकीने मुसळ ठेवले, मग दुसरीने. मग लोहारणीने नवऱ्याच्या हातातला घण काढून घेतला म्हणे. संध्याकाळपर्यंत गाव गप्प झाले होते. हलगीवाली पोरे आयांचा मार खाऊन घरात बसली. त्या साली मळेवाकीत जत्रेनंतर मिरची कांडली गेली आणि पुढे तीच रीत पडली.

पौर्णिमेला कुस्त्या पिंपरणच्या माळावर होत्या. वस्ताद गेलेच नाहीत. म्हणाले, "मी तिथं असलो तर माझ्या तोंडून 'अजून' निघंल. म्या हितंच बसतो. हलगी वाजत आली तर समजंन जिकलो. न्हाई वाजली तर माझी वाट मला ठावी हाय." कपड्यांचे गाठोडे बांधून ते पारावर बसले.

सिदूची कुस्ती पिंपरणच्या दौलूशी लागली. दौलू अंगाने दीडपट. एक घटका झाली, दुसरी लागली. इथेच आमचे पैलवान दरसाल संपत. पाटील मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिले तेव्हा दौलू तोंड उघडून श्वास घेत होता आणि सिदूचे तोंड मिटलेले होते. मग सिदूने ढाक हा डाव टाकला. दौलूची पाठ मातीला लागली आणि माळावर एकच गिल्ला झाला. पाटलांनी स्वतःचा पटका काढून सिदूच्या डोक्याला बांधला.

सगळे हलगी कडकडवत गावाकडे निघाले. ठकूबाई पुढे होती. विहिरीच्या वळणावर तिला पार दिसला. गाठोड्यावर डोके ठेवून वस्ताद गाढ झोपले होते. आठ दिवस त्या माणसाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ठकूबाईने हात वर केला. हलगी थांबली. लोकांनी पायताणे काढून हातात घेतली आणि सारे गाव आवाज न करता पाराभोवती येऊन उभे राहिले.

ऊन कलल्यावर वस्तादांना जाग आली. बघतात तर समोर सगळे गाव, सिदू मागे गर्दीत झाकलेला, आणि कुठे चकार शब्द नाही. त्यांनी काय समजायचे ते समजले. ते उठले, गाठोडे काखेला मारले आणि एवढेच विचारले, "सिदूला लागलं का?"

चार वर्षे त्यांच्याशी न बोललेली ठकूबाई पुढे आली. "न्हाई लागलं, वस्ताद. जिकलाय त्यो. हलगी म्याच थांबवली, तुमची झोप मोडंल म्हून."

वस्ताद पारावर बसले आणि ढसाढसा रडले असे सांगतात. मला विचाराल तर कुस्ती त्या क्षणी जिंकली गेली, माळावर नाही.

आजही आमची मिरवणूक विहिरीच्या वळणापर्यंत वाजतगाजत येते आणि तिथून पारापर्यंत अनवाणी, मुकाट चालते. नव्या माणसाला वाटते, हे लोक हरून आले. पारापाशी गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई उभी असते आणि ती प्रत्येक पैलवानाला आधी एकच गोष्ट विचारते, "कुठं लागलं का, बाळा?" जिंकलास की हरलास, ते नंतर. मी सात जत्रा लढलो, त्यांतल्या चार हरलो. त्या चारही वेळा मला आधी तेच विचारले होते.