विशूच्या हातांचं माप

"पण नेमकं किती, आक्का? हँडल किती रुंद असावं, एवढंच सांगा."

धैर्यशीलनं तिसऱ्यांदा विचारलं.

सोजरआक्का चाकाच्या तारा आवळत बसली होती. मान वर केली नाही.

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. नियम विचारतोय."

"नियमाला खांदे असत्यात व्हय?"



घाटाच्या पायथ्याला, जिथं एसटी वळते, तिथं आक्काचं पत्र्याचं सायकल दुकान. नवरा गेल्यावर तिनंच चालवलं. आधी दूधवाल्यांच्या सायकली यायच्या, आता डोंगरातून उड्या टाकणाऱ्या जाड टायरच्या येतात. पुण्याची पोरंसुद्धा हँडल कापायला इथवर येतात, कारण आक्का टेप लावत नाही. ती जमिनीवर पुठ्ठा अंथरते, पोराच्या तळव्यांना चेनचं काळं तेल फासते आणि म्हणते, जोर मार. पहिले जोर ऐटीचे असतात. हात फाकवून मारलेले. दमलं की हात आपसूक जिथं पडतात, ती त्या माणसाची खरी रुंदी. तेवढं हँडल ठेवायचं. बाकी कापायचं.

धैर्यशीलनं कधी जोर मारले नव्हते. तीन वर्षं घाटाच्या शर्यतीत पहिला आलेला गडी, त्याला कोण मापणार? त्याचं हँडल सातशेऐंशी मिलीमीटर, दुकानातून आलं तसंच. रुंद हँडल म्हणजे ताबा, असं तो येईल त्याला ऐकवायचा. धाकट्या भावाला, विशूलाही तेच ऐकवलं, आणि स्वतःच्या हातानं तसलंच हँडल बसवून दिलं.

विशूचं तेरावं होऊन आठ दिवस झाले होते.

त्याची सायकल दारात उभी होती. पुढचं चाक मोडलेलं. हँडल मात्र सरळ, साधा बाकही नाही. डाव्या मुठीच्या टोकाला झाडाची साल चिकटली होती.

"आक्का, तुम्ही जाणत्या आहात. तुम्ही म्हणालात तर लोक ऐकतील. हँडलचा दोष नव्हता, एवढं म्हणा."

"लोक गेले खड्ड्यात. आईला काय सांगितलंस?"

"...दगड आला म्हणून सांगितलं."

"दगड."

"चाकाखाली दगड आला आणि पडला."

आक्का उठली. कपाटामागून पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर दोन काळे तळवे, खाली नाव. सहावा-सातवा पुठ्ठा तिनं ओढला आणि जमिनीवर टाकला.

खाली लिहिलं होतं, विशू.

धैर्यशील बघतच राहिला.

"हा... इथं आला होता?"

"आला होता. म्हणाला, आक्का, दोन झाडांच्या मधून जाताना हँडल घासतं, कमी करा. मी माप घेतलं, करवत लावली. मग म्हणाला, थांबा, दादाला विचारतो. तुला फोन लावला. तू काय म्हणालास?"

धैर्यशीलनं नजर पुठ्ठ्यावरून दारातल्या सायकलीकडे वळवली.

"मी सांगते. तू म्हणालास, बायकांसारखं हँडल नको करू, पुढं खांदे रुंद होतील तुझे. पोरगं हसलं. म्हणालं, राहू द्या आक्का, दादाला जास्त कळतं... आणि मी करवत खाली ठेवली. तेवढं पाप माझं. तुझं तू बघ."

बाहेर एसटी वळली. खिडकीतून कोणीतरी आक्काला हात केला. तिनं पाहिलं नाही.

"जोर मार," ती म्हणाली.

"आत्ता?"

"ह्याच पुठ्ठ्यावर."

धैर्यशील ओणवा झाला. हात विशूच्या हातांच्या बरेच बाहेर टेकले. दहा मारले. पंधरा. तीन आठवडे अन्न गोड न लागलेलं अंग ते, लवकर थकलं. वीस. दंड थरथरायला लागले. हात कधी आत सरकले त्याचं त्यालाही कळलं नाही.

पंचविसाव्याला खाली गेला आणि थांबला.

त्याचे तळवे विशूच्या तळव्यांवर होते. बोटावर बोट.

तो उठला नाही. कपाळ पुठ्ठ्याला टेकवून तसाच पडून राहिला...

आक्कानं पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि पुन्हा चाकापाशी जाऊन बसली. समजूत घालायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि घालण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो बसला. तोंडाला तेल लागलं होतं.

"कापा, आक्का. त्याच्या मापाचं करा."

आक्कानं करवत पुढं केली.

"तू काप. दोन्हीकडनं सारखं."

त्यानं मुठी उपसल्या. हँडल सोडवून पुठ्ठ्यावर ठेवलं, विशूच्या तळव्यांच्या बाहेर दोन खुणा केल्या, आणि कापायला बसला. एवढं काळजीपूर्वक त्यानं स्वतःच्या सायकलीचंही कधी काही केलं नसेल. डावीकडचा तुकडा पडला. मग उजवीकडचा. दोन्ही चार-चार बोटांचे. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, फुंकर मारली, परत जागेवर बसवून मुठी चढवल्या.

मग लहान पोरासारखं वर बघून त्यानं विचारलं,

"आता बरोबर झालं ना, आक्का?"

"झालं की."

आक्कानं हँडलवरून हात फिरवला.

"बोलाव त्याला. बसवून बघू."

धैर्यशील दारातल्या सायकलीला टेकून उभा राहिला. रडला म्हणावं तर आवाज नव्हता.

"आईला काय सांगू मी?" तो शेवटी म्हणाला. "रोज विचारते. केवढा होता रे दगड, विचारते. रोज..."

आक्का वाकली. जमिनीवरचे दोन तुकडे उचलले, पदरानं पुसले. त्याचा हात ओढून तळव्यावर ठेवले आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"जा," ती म्हणाली. "दगड दाखव तिला."