अध्यक्षांची बैठक

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सभा भरली. विषय एकच होता: कुमुदताई देवस्थळींचं खताचं पिंप हटवणे. ताई साऱ्या इमारतीची भाजीची देठं आणि सालं त्यात जिरवतात. माझा गवती चहा त्याच खतावर वाढतो, आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

अध्यक्ष रांगणेकर हे निवृत्त अधिकारी. सभेत सर्वांत उंच जागा धरायची, ही त्यांची जुनी सवय. ती ओळखून ताईंनी एका उंच बैठकीवर सतरंजी अंथरून ठेवली होती. तिच्यावर बसून रांगणेकरांनी अर्धा तास सुनावलं.

"देवस्थळीबाई, तुमच्या पिंपाच्या वासानं जीव नकोसा झालाय. आत्ताच्या आत्ता उचला ते."

"उचलते की, साहेब," ताई म्हणाल्या. "तुम्ही जरा त्याच्यावरून उठता का?"

रांगणेकरांनी सतरंजी उचलून खाली पाहिलं. गच्ची हसत सुटली. पिंप राहिलं, आणि सगळ्यांनी ताईंचे मनापासून आभार मानले.

इमारतीत वास येत होता, हे मात्र खरं. तो फाटकापाशी कुजणाऱ्या कचऱ्याचा होता. तो उचलायला नगरपालिकेची गाडी आठवडाभर का फिरकली नाही, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.