उठायच्या तयारीत

“आप्पा, तिला परत कशाला घेतलंत?”

गार्गी सातवीची, शाळेच्या खो-खो संघाची कप्तान. तालुक्यात आपल्याइतकं कुणी पळत नाही, हे तिला जरा जास्तच माहीत होतं.

संघाला खेळ शिकवणारे म्हातारे आप्पा मैदानावर फक्कीच्या रेघा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“मृणालला. दोन महिने अंथरुणातून उठत नव्हती ती. डोक्याच्या डॉक्टरकडे नेतात तिला, गोळ्या चालू आहेत. आई म्हणते, अशांच्या फार जवळ जाऊ नये. ती खेळणार असेल तर आम्ही पाचजणी खेळणार नाही.”

“चावते का?”

“...नाही.”

“काल तिला खो किती मिळाले?”

गार्गीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. “एकही नाही.”

“मग अर्धा तास ती काय करत होती?”

“बसली होती.”

“कशी?”

“...उठायच्या तयारीत.”

आप्पांनी फक्कीचा डबा खाली ठेवला.

“आज तिच्या चौकोनात तू बस.”

मग खांबापाशी एकटीच उभ्या असलेल्या मृणालला त्यांनी हाक मारली. “पोरी, आज पाठलाग तू कर. खो कुणाला द्यायचा ते तुझं तू बघ.”

गार्गी चवड्यांवर बसली.

पावलं आली. पाठीमागून निघून गेली.

पुन्हा आली. पुन्हा गेली.

आता ही कसली देतेय, असं गार्गीला वाटलं. काल तीच तर मृणालच्या पाठीमागून अशी पाच वेळा पळून गेली होती. तेव्हा भारी हसू आलं होतं. आज येईना.

तिसऱ्यांदा पावलं थांबली. पाठीवर हात पडला.

“खो!”

गार्गी सुटली. खांबाला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं आली, तर मघाच्या चौकोनात आता मृणाल बसलेली. चवड्यांवर, उठायच्या तयारीत. मान मात्र खाली. आपल्याला खो मिळेल असं तिला काही वाटत नसावं.

बाकीच्या चौघी कप्तानाकडे बघत होत्या.

गार्गीचा हात हवेत अडला... मग त्या पाठीवर टेकला.

“खो!”

मृणाल उठली आणि अशी पळाली की आप्पाही बघत राहिले. गार्गी तिच्या जागी बसली. धाप लागली होती, डोळे भरले होते.

“आप्पा... मला कधी मृणालसारखं झालं तर?”

आप्पांनी फक्कीचा डबा उचलला.

“मान वर ठेव, पोरी. पावलं ऐक... कुणीतरी येतंय.”